साखरेचे कूळ सांगणारी दोन यंत्रे



ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. साखरेचे कूळ विचारण्यात तर काही अर्थच नाही, असे पुष्कळ वर्षे समजले जाई. उसाची साखर काय किंवा युरोपातल्या बीटाची साखर काय, शुद्ध होऊन पांढरा दाणा पडला की दोन्ही एकच पदार्थ. रसायनशास्त्रात त्याला सुक्रोज म्हणतात. गोडी तीच, दाणा तोच, विरघळण्याची रीतही तीच. आपल्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत ब्रिक्स पाहतात, पोल पाहतात, शुद्धता काढतात आणि त्यावरून साखर उतारा ठरतो. ह्या तपासणीत साखर किती आहे ते कळते. ती कोणत्या पिकाची, हे मात्र कळत नाही.

आज ते कळू शकते. जगातल्या मोठ्या प्रयोगशाळांत अशी दोन यंत्रे आहेत की, त्यांच्यापुढे चिमूटभर साखर ठेवली तर ती उसाची की बीटाची हे सांगता येते. एक यंत्र अणूंचे वजन करते. दुसरे यंत्र अणूंचा आवाज ऐकते म्हणा ना! पहिल्याचे नाव मास स्पेक्ट्रोमीटर, मराठीत वस्तुमान वर्णपटमापक. दुसऱ्याचे नाव अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन, थोडक्यात एन.एम.आर. नावे जड आहेत, पण काम समजायला सोपे आहे.

आम्हा ऊसवाल्यांना त्याचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, आपलीच साखर दुसऱ्याच्या नावाने बाजारात जाते तेव्हा चोरी पकडणारी हीच यंत्रे आहेत. शिवाय आपल्या घरातले माणूस आजारी पडले तर तपासणीच्या खोलीत गाठ पडते तीही ह्यांच्याशीच. म्हणून ही ओळख करून देत आहोत.

ऊस जातीचाच वेगळा

सुरुवात शेतातून करू. पीक कोणतेही असो, त्याचे पान हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू घेते आणि उन्हाच्या बळावर त्याची साखर करते. ह्या वायूतला कार्बन मात्र सगळा एका वजनाचा नसतो. शंभरातले जवळजवळ नव्याण्णव अणू १२ वजनाचे असतात आणि एखादा १३ वजनाचा. एकाच मूलद्रव्याच्या अशा हलक्या-जड भावंडांना समस्थानिक म्हणतात. १३ वजनाचा हा कार्बन किरणोत्सर्गी नाही, अपायकारक नाही. आपल्या अंगातही तो आहे.

गहू, भात, सोयाबीन, कापूस, हरभरा, द्राक्ष, बीट ह्या पिकांच्या पानांत वायू पकडणारे जे विकर आहे, ते हलका कार्बन पसंत करते. पानाची छिद्रे उघडी असतात, नको असलेला जड कार्बन पुन्हा बाहेर निघून जातो. उघड्या बाजारात गिऱ्हाईक माल निवडून घेते, तसाच हा प्रकार.

उसाची तऱ्हा निराळी. उसाचे पान आधी वायू पकडून त्याचा चार कार्बनांचा एक आम्लपदार्थ बनवते. तो आतल्या, शिरेभोवतीच्या पेशींत नेऊन सोडते आणि साखर तिथे होते. ह्या आतल्या खोलीतून वायूला बाहेर पळायला फारशी वाट नाही. पोते बंद करून दिले की आतला माल निवडता येत नाही, हलका-जड सगळा घ्यावा लागतो. म्हणून उसाच्या साखरेत जड कार्बन थोडा अधिक येतो. चार कार्बनांच्या पदार्थापासून सुरुवात होते म्हणून ह्या पिकांना सी-४ म्हणतात, आणि गहू-भाताच्या वर्गाला सी-३. ज्वारी, बाजरी आणि मका हे उसाचे सी-४ भाऊबंद. कडक उन्हात ही पिके जोमाने वाढतात त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

हे कोडे उलगडले तेही उसावरच. हवाई बेटांत ऊस-मळेवाल्यांच्या संघाचे स्वतःचे संशोधन केंद्र होते. तिथल्या कोर्टशाक, हार्ट आणि बर ह्या तिघांनी १९६५ मध्ये उसाच्या पानातला हा वेगळा मार्ग प्रसिद्ध केला. पाठोपाठ १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत हॅच आणि स्लॅक ह्यांनी तो टप्प्याटप्प्याने उलगडून दाखवला. साखर धंद्याने संशोधनावर खर्च केला आणि जगभरच्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात नवा धडा आला, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

अणूंचा वजनकाटा

आता हा जड-हलका फरक किती? दहा लाख कार्बन अणू मोजले तर उसाच्या साखरेत जड अणू सुमारे १०,९३० भरतात आणि बीटाच्या साखरेत सुमारे १०,७८०. म्हणजे दहा लाखांत फरक अवघा दीडशेचा! हा फरक पकडायचा तर काटाही तसाच हवा.

ह्या काट्याचा पाया इंग्लंडात केंब्रिज येथे घातला गेला. तिथे जे. जे. थॉमसन ह्यांना १९१३ च्या सुमारास निऑन वायूत दोन वजनांचे अणू आढळले. त्यांचे सहकारी ॲस्टन ह्यांनी १९१९ मध्ये त्यासाठी नेटके यंत्र उभे केले आणि १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळवले.

यंत्र चालते कसे ते बघा. साखर जाळून तिचा कार्बन डायऑक्साइड करतात. त्या वायूवर विजेच्या कणांचा मारा केला की त्याच्या रेणूंना विद्युत्‌भार येतो. मग विजेच्या दाबाने त्यांना वेगाने पुढे ढकलतात आणि वाटेत लोहचुंबक ठेवून वळण देतात. कारखान्याच्या रस्त्यावर वळण आले की रिकामी गाडी चटकन वळते, उसाने भरलेली गाडी मात्र बाहेरून मोठा वळसा घेते. इथे तेच घडते. ४४ वजनाचा हलका रेणू जास्त वळतो, ४५ वजनाचा कमी वळतो. दोघे वेगवेगळ्या ठिकाणी येऊन पडतात, आणि तिथे त्यांची मोजदाद होते.

प्रयोगशाळेच्या अहवालात हा आकडा एका ठरावीक नमुन्याशी तुलना करून ‘दर हजारी उणे’ असा लिहितात. उसाची साखर उणे ११ ते १२ च्या आसपास, बीटाची उणे २५ च्या आसपास. उणे आकडा जितका मोठा, तितका कार्बन हलका, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

मधाच्या बाटलीतली चोरी

ह्याचा पहिला मोठा उपयोग झाला मधावर. मधमाशा ज्या फुलांवर जातात ती बहुतेक झाडे सी-३ वर्गाची. म्हणून खऱ्या मधाचा कार्बन हलका असतो. अमेरिकेत १९७० नंतरच्या काळात मक्यापासून केलेला गोड पाक स्वस्त झाला आणि तो मधात मिसळला जाऊ लागला. चवीने आणि साध्या तपासणीने तो ओळखू येईना. तेव्हा अमेरिकन कृषिखात्यातील व्हाइट आणि डोनर ह्यांनी कार्बनच्या वजनाचा आधार घेतला. त्यांनी तपासलेल्या अस्सल मधाची सरासरी उणे २५.४ निघाली, मक्याच्या पाकाचा आकडा उणे ९.७. मका हा उसाचा भाऊबंद, त्यामुळे चोरी उघडी पडली. उसाच्या साखरेचा पाक मिसळला तरी तो ह्याच तपासणीत सापडतो.

पुढे पद्धत आणखी पक्की केली गेली. मधात थोडी प्रथिने असतात. ती माशीकडून आणि परागांतून आलेली असतात, साखरेच्या पाकात ती नसतात. तेव्हा एकाच बाटलीतल्या प्रथिनांचा कार्बन आणि साऱ्या मधाचा कार्बन वेगवेगळे तोलायचे. दोन्ही जुळले तर ठीक. मधाचा कार्बन प्रथिनांपेक्षा एका अंकाने जड निघाला, तर सुमारे ७ टक्के परकी सी-४ साखर आहे असे समजायचे. आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मधासाठी जी मानके घातली आहेत, त्यांतही सी-४ साखरेची कमाल मर्यादा ७ टक्के आहे.

ज्या सभासदांनी मधपेट्या ठेवल्या आहेत त्यांनी इथे विशेष लक्ष द्यावे. फुलोरा नसतो त्या दिवसांत वसाहत जगवण्यासाठी साखरेचा पाक द्यावा लागतो, त्यात गैर काही नाही. पण फुलोरा सुरू झाल्यावरही पाक चालू ठेवला, किंवा पाकाने भरलेल्या फण्या मधाच्या काढणीत आल्या, तर मध तपासणीत नापास होईल. तुमची लबाडी नव्हती हे यंत्राला समजत नाही. ते फक्त ऊस ओळखते.

चोर शहाणा झाला

कुंपण उंच केले की चोर शिडी आणतो. भेसळ करणाऱ्यांनी ऊस-मका सोडला आणि तांदळाचा, बीटाचा पाक धरला. तांदूळ आणि बीट दोन्ही सी-३. त्यांचा कार्बन फुलांतल्या कार्बनासारखाच हलका. वजनकाट्यावर घातले तर मध आणि पाक सारखेच भरतात. काटा खोटा नाही, पण त्याला विचारलेला प्रश्नच अपुरा आहे.

अशीच अडचण फ्रान्समध्ये द्राक्षाच्या दारूबाबत आली होती. आंबवण्यापूर्वी द्राक्षरसात बीटाची साखर घातली की दारूचा कस वाढतो. कुठे किती घालावी ह्याला तिकडे कायद्याने बंधने आहेत. द्राक्ष आणि बीट दोन्ही सी-३, मग कार्बन तोलून काय कळणार? ह्यावर उपाय काढला नांत येथील प्राध्यापक जेरार्ड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९८० च्या दशकात. त्यांनी कार्बन बाजूला ठेवून हायड्रोजनकडे पाहिले, आणि त्यासाठी दुसरे यंत्र वापरले ते एन.एम.आर.

अणूंची घुंगरे

हायड्रोजनच्या अणूचा गाभा हा जणू एक चिमुकला भोवरा आणि चिमुकले लोहचुंबक. बलवान चुंबकात ठेवला की तो ठरावीक गतीने डोलू लागतो. रेडिओच्या लहरी नेमक्या त्याच गतीच्या सोडल्या तर तो त्या शोषून घेतो आणि पुन्हा परत देतो. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे ब्लॉख आणि हार्वर्ड येथे पर्सेल ह्यांनी १९४५-४६ मध्ये, एकमेकांपासून वेगळे राहून, हा प्रकार द्रव आणि घन पदार्थांत दाखवला. दोघांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

खरी गंमत पुढेच आहे. रेणूत शेजारी कोण बसला आहे त्यावरून हायड्रोजनचा सूर किंचित बदलतो. अंधारात गाड्या चालल्या असल्या तरी घुंगरांच्या आवाजावरून ही अमक्याची जोडी, ती तमक्याची, हे जाणता माणूस सांगतो ना, तसेच. हे पहिल्यांदा ठळकपणे दिसले ते आपल्या ओळखीच्या पदार्थात, मळीपासून बनते त्या अल्कोहोलमध्ये! १९५१ मध्ये स्टॅनफर्डला अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड ह्यांनी अल्कोहोलच्या सहा हायड्रोजनांचे तीन वेगळे सूर दाखवले, तीन-दोन-एक अशा प्रमाणात. ह्यांतले धर्मट्टी आपल्या देशातले. पुढे त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ह्या विषयाचे काम उभे केले.

मार्टिन ह्यांनी जो हायड्रोजन पाहिला तो दुप्पट वजनाचा, ड्यूटेरियम नावाचा. साखर आंबवून अल्कोहोल करायचे आणि त्याच्या टोकाच्या तीन हायड्रोजनांच्या जागी दहा लाखांत किती जड निघतात ते मोजायचे. बीटाचे सुमारे ९२, उसाचे सुमारे ११०, द्राक्षाचे ह्या दोहोंच्या मध्ये. पिकाने घेतलेले पाणी आणि त्याची साखर करण्याची रीत ह्यांची ही खूण, कारखान्यात कितीही शुद्धीकरण केले तरी जात नाही. युरोपीय समुदायाने १९९० मध्ये ही पद्धत दारूच्या तपासणीसाठी अधिकृत केली.

मधासाठी एन.एम.आर. निराळ्या तऱ्हेने वापरतात. मधातल्या निरनिराळ्या शर्करा, आम्ले आणि इतर बारीकसारीक पदार्थ ह्या सगळ्यांचे सूर एकदम टिपून घेतात आणि हजारो अस्सल नमुन्यांच्या साठ्याशी ताडून पाहतात. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट ह्या संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये १३ ब्रँडच्या मधाचे निकाल जाहीर केले. नामांकित ब्रँड आपल्याकडच्या नेहमीच्या तपासण्यांत जवळजवळ सगळे उतरले होते. जर्मनीतल्या एन.एम.आर. तपासणीत १३ पैकी ३ च उतरले. कंपन्यांनी हे निष्कर्ष मान्य केले नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. साठ्यात आपल्या मुलखातल्या फुलांचे नमुने पुरेसे नसतील तर असा वाद होणारच. म्हणून भारतीय मधाचा, जंगलाजंगलाचा, असा पक्का साठा आपल्याकडे असणे फार गरजेचे आहे.

गुळाचे काय?

हा प्रश्न सभासदांच्या मनात आला असेलच. गुळात साखर मिसळली तर कार्बन तोलून ती पकडता येईल काय? नाही. गूळही उसाचा, साखरही उसाची. दोन्हींचे कूळ एक, तेव्हा कूळ सांगणारा काटा इथे मुका आहे. गुळात मूळचे क्षार, लोह आणि रंगद्रव्ये असतात, शुद्ध साखरेत ती जवळजवळ नसतात. शोध तिकडूनच घ्यावा लागतो. नुसते ‘आमच्या गुळाची मोठ्या यंत्रावर तपासणी झाली आहे’ एवढे छापून कोणी भाव वाढवून मागत असेल, तर कोणती तपासणी, असे सरळ विचारावे.

तीच यंत्रे दवाखान्यात

२००२ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ह्या दोन्ही यंत्रांच्या वाट्याला एकदम आले. अमेरिकेचे फेन आणि जपानचे कोइची तानाका ह्यांना अणूंच्या काट्यावर प्रथिनांसारखे अजस्र रेणू न मोडता तोलण्याची युक्ती सापडल्याबद्दल, आणि स्वित्झर्लंडचे व्यूथ्रिख ह्यांना प्रथिनांची घडण एन.एम.आर.ने उलगडल्याबद्दल. तानाका एका यंत्र-कंपनीतले साधे इंजिनिअर. एकदा त्यांच्या हातून चुकून कोबाल्टच्या पुडीत ग्लिसरीन पडले. पूड महागाची, टाकवेना. तसाच प्रयोग केला आणि तोच साधला!

ह्या युक्त्यांमुळे आज नवजात बाळाच्या टाचेतले रक्ताचे काही थेंब कागदावर टिपून त्यांतून जन्मजात रोगांची डझनावारी तपासणी एकदम करता येते. पोटात व्रण करणारा हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू आहे की नाही हे नळी न घालता कळते. रोग्याला जड कार्बनचा युरिया प्यायला देतात. जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि श्वासात जड कार्बन येतो. युरिया देण्यापूर्वीचाही एक श्वास पिशवीत घेऊन ठेवतात. का? कारण ज्वारी, बाजरी, मका आणि उसाची साखर खाणाऱ्याच्या श्वासात जड कार्बन मुळातच थोडा अधिक असतो. आपण खातो ते पीक आपल्या श्वासातही हजेरी लावते!

एम.आर.आय. म्हणजे दुसरे-तिसरे काही नसून एन.एम.आर.च. अंगातल्या पाण्याच्या हायड्रोजनांचे सूर ऐकून त्यावरून चित्र काढतात. लाउटरबुर आणि मॅन्सफील्ड ह्यांना त्यासाठी २००३ चे नोबेल मिळाले. नावातला ‘न्यूक्लिअर’ शब्द लोक घाबरतात म्हणून गाळला. ह्यात क्ष-किरण नाहीत, अणुबाँबशी काही संबंध नाही. धोका आहे तो चुंबकाचा. नेहमीचे १.५ टेस्लाचे चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा सुमारे तीस हजार पट बलवान असते. हृदयाजवळ पेसमेकर बसवलेला असेल, अंगात धातूची पट्टी वा तुकडा असेल तर आधी सांगावे. वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंग वा लेथचे काम केलेल्यांनी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता काय, हे जरूर सांगावे. न दिसणारा कण चुंबकाने हलला तर डोळा जाऊ शकतो. हे सांगायला लाजू नये.

अहवाल हाती आला तर

शेवटी एवढेच. यंत्र कितीही मोठे असले तरी विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. कार्बनचा काटा ऊस-मका ओळखतो, तांदूळ-बीट सोडून देतो. एन.एम.आर. पुष्कळ ओळखते, पण ताडून पाहायला अस्सल नमुन्यांचा साठा लागतो. म्हणून ‘तपासणीत पास’ असा शिक्का पाहून हुरळून जाऊ नये. कोणती तपासणी, नमुना कोणी काढला, मोहोर कोणापुढे लावली, हे तीन प्रश्न विचारावेत. वजनकाट्यावर आपली गाडी चढते तेव्हा आपण नजर ठेवून असतोच. अणूंच्या काट्यालाही तीच नजर लावावी.